कपाटावरची ट्यूब

माझं अजूनही असं मत आहे की या सगळ्या प्रकरणात माझी चूक नव्हती. मग ती कोणाची होती, असं विचाराल तर मात्र माझा गोंधळ उडतो. आमच्या घरात या विषयावर एकदा मतदान झालं. सौभाग्यवतींनी, दोन्ही मुलांनी आणि दोन दिवसांसाठी आलेल्या मेव्हण्यांनी एकमतानं माझ्याकडे बोट दाखवलं. पण घरच्या मतदानाला तसा काही अर्थ नसतो.

प्रकरण उजेडाचं आहे. साल एकाहत्तर. मी कोपरगावला गोदाकाठ मोसंबी उत्पादक सहकारी संघात हेडक्लार्क होतो. 'हेड' म्हणायचं कारण माझ्या हाताखाली एक क्लार्क होता, राधाकृष्ण. तो नसता तर मी नुसता शामकांत वैजापूरकर, क्लार्क, असाच राहिलो असतो, म्हणून मी त्याला फारसं रागावत नसे. सगळे मला भाऊसाहेब म्हणत. आमचं ऑफिस म्हणजे एक खोली. तिला एक दार, एक खिडकी आणि एक दिवा.

दिवा म्हणजे आढ्याला लोंबणारा चाळीसचा बल्ब. त्याची वायर चांगली ऐसपैस होती, आणि प्रत्येक टेबलाकडून एकेक सुतळी जाऊन त्या बल्बच्या मानेला बांधलेली होती. ज्याला लिहायचं असेल त्यानं आपली सुतळी ओढून टेबलाच्या खिळ्याला गुंडाळायची, की बल्ब डुलत डुलत त्याच्या डोक्यावर येई. अकरा ते एक दिवा माझ्याकडे, जेवणानंतर राधाकृष्णकडे, आणि सेक्रेटरी बोऱ्हाडेसाहेब आले की सगळ्यांनी आपापल्या सुतळ्या सोडून द्यायच्या, असा रिवाज होता. बाहेरच्यांना तो चमत्कारिक वाटे. पण त्या सुतळ्यांवरून आमच्यात दहा वर्षांत एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि हे मी संसाराबद्दलही म्हणू शकत नाही.

आषाढात संघानं टाइपरायटर घेतला आणि त्याच्याबरोबर शोभा चांदेकर आली. संघाच्या इतिहासातली पहिली बाई. म्हणजे झाडलोट करायला आणि पाणी भरायला छबूबाई होतीच, पण ती टेबलाशी बसत नसे. शोभाबाई टेबलाशी बसणार होत्या. त्यामुळे आदल्या दिवशी मी आणि राधाकृष्ण दोन तास विचारच करत होतो. टेबल ठेवायला जागा एकच होती, कोपऱ्यात खिडकीखालची. आणि खिडकीच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडला की, गहिनीनाथचं चहाचं हॉटेल. तिथं एस.टी.चे कंडक्टर, उसाच्या गाड्यांचे गाडीवान, काहीच न करणारे लोक, असे दिवसभर बसलेले. त्यांचं तोंड आमच्या खिडकीकडे. एका मुलीनं दिवसभर त्यांच्यासमोर बसायचं?

"छे छे," मी म्हणालो.

"छे," राधाकृष्ण म्हणाला.

तेव्हा आमचं मोठं लोखंडी कपाट, ज्यात संघाच्या स्थापनेपासूनचे सगळे कागद होते, ते आम्ही हमाल लावून खिडकीसमोर उभं केलं. खिडकी पार झाकली. कल्पना माझी होती. हमाल गेल्यावर मी त्या कपाटाकडे पाहत उभा राहिलो आणि मला वाटलं, शामकांत, तुझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला हे सुचलं नसतं. घरी जाऊन मी सौभाग्यवतींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला विचारलंत का?" मी म्हणालो, अशा गोष्टी बाईमाणसाला विचारायच्या नसतात, समजून घ्यायच्या असतात.

शोभाबाई आल्या, कपाटाला पाठ करून बसल्या आणि काही बोलल्या नाहीत. मी समजलो, संकोचानं आभार मानायचे राहिले असतील.

त्या वर्षी ऑफिसात अंधार जरा जास्तच वाटत होता. आम्ही तो ढगाळ हवेवर घातला.

पुढचं समजायला स्टेन्सिल म्हणजे काय हे माहीत हवं. शंभर-दोनशे प्रती काढायच्या असल्या की मेणाच्या निळ्या कागदावर टाइप करायचं. टाइपरायटरची फीत बाजूला काढून ठेवायची, म्हणजे शाई नाही, नुसतं अक्षर कागदावर आपटून मेणाला भोक पाडतं. मग तो कागद यंत्रावर चढवून शाई फिरवली की प्रती. यात अडचण एवढीच की टाइप करताना आपण काय टाइप केलं हे जवळजवळ दिसत नाही. उजेड चांगला असला तर निळ्यावर फिकट रेघोट्या दिसतात. उजेड नसला तर देवाचं नाव घेऊन पुढं जायचं.

श्रावणात सभासदांना मोसंबीची कलमं वाटायची होती. त्याची नोटीस निघाली. चासनळीपासून पुणतांब्यापर्यंत सहाशे सभासदांच्या हातात पडली. तिच्यात असं होतं: 'सकाळी नऊ वाजता माननीय चेअरमनसाहेब यांचे आगमन होताच त्यांना ओल्या पोत्यात गुंडाळून, मुळांना धक्का न लावता, बैलगाडीने गावोगाव पोहोचविण्यात येईल.'

मधली एक ओळ सुटली होती. चेअरमनसाहेबांचं स्वागत आणि कलमांची मोजदाद त्या ओळीत होती. ती नोटीस मी तपासून सही केली होती, पण ते इथं मुद्दाम सांगायला हवं असं नाही.

बोऱ्हाडेसाहेबांनी आम्हाला बोलावलं. म्हणजे ते त्याच खोलीत बसत, त्यामुळे आम्ही नुसते त्यांच्याकडे वळलो. "माझा बाईमाणसाच्या नोकरीला विरोध नाही," ते म्हणाले. "पण चेअरमनला पोत्यात घालायला आहे. बाई, तुमची नेमणूक तात्पुरती आहे. तीस सप्टेंबरला वार्षिक सभा. अहवाल एक्केचाळीस पानांचा. पंधरा तारखेला बिनचूक स्टेन्सिलं माझ्या टेबलावर आली तर कायम करायचं बघू. नाही तर नमस्कार."

शोभाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला आधी कळेना की एवढं काय. मग छबूबाईनं पाणी देता देता माझ्या कानाशी सांगितलं, "त्यांच्या वडलांनी अट घातलीया, भाऊसाहेब. कायमचा कागद आनला तर नोकरी कर. न्हाई तर दिवाळीनंतर तिसगावला मामाच्या घरी. तिथं म्हनं स्थळ बगून ठेवलंय. ह्या पोरीला लई आवड हाय त्या मशिनची. घरी पाटावर बोटं आपटत बसती म्हनं."

मला वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. मी शोभाबाईंच्या टेबलाशी गेलो आणि विचारलं, "नेमकी अडचण काय होते?"

"दिसत नाही, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि एकदा मागं कपाटाकडे बघितलं. मला वाटलं, मान अवघडली असेल.

"उजेडाची व्यवस्था मी करतो," मी म्हणालो. माझ्या तोंडून आजवर जी वाक्यं निघाली त्यांतलं हे सगळ्यात महाग पडलेलं.

पहिला उपाय साधा होता. बल्बला चौथी सुतळी बांधून शोभाबाईंच्या टेबलापर्यंत ओढायची. पण वायर कितीही ऐसपैस असली तरी कोपऱ्यापर्यंत पुरेना. मी जरा जोर लावला. आढ्यातून मूठभर माती माझ्या डोक्यावर पडली, बल्ब सुटला तो गोफणीतल्या धोंड्यासारखा जाऊन राधाकृष्णच्या टेबलावर फुटला. राधाकृष्ण म्हणाला, "माझी वेळ दीडनंतरची आहे, भाऊसाहेब, आत्ता बारा वाजलेत." त्याचा स्वभाव असा आहे.

संध्याकाळी शेजारचे देवळालीकर मास्तर ओट्यावर आले. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांना एक नियम माहीत असतो. "उजेड डावीकडून आला पाहिजे," ते म्हणाले. "आणि चाळीसचा बल्ब म्हणजे काजवा. दोनशेचा लावा."

मी दोनशेचा बल्ब आणला, त्याला वेगळी वायर जोडून घेतली आणि शोभाबाईंच्या डोक्याच्या डावीकडे, हातभर अंतरावर लटकवला. उजेड पडला, नाही असं नाही. इतका पडला की आम्ही तिघंही त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत होतो. पण अर्ध्या तासात शोभाबाईंच्या कपाळावरून घाम टपकू लागला. त्याहून वाईट म्हणजे स्टेन्सिलचं मेण मऊ पडलं. अक्षर आपटलं की त्याचं पोटच गळून पडे. 'व' आणि 'ब' दोन्ही नुसती भोकं होऊन बसली. तीन स्टेन्सिलं फुकट गेली.

"ह्यापरीस चुलीपाशी बसावं मानसानं," छबूबाई म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

आता राधाकृष्णला कल्पना सुचली. दारातून दुपारी ऊन येतं. दाराशी आरसा धरला तर ते ऊन कोपऱ्यात फेकता येईल. मला ही कल्पना आवडली नाही, कारण ती माझी नव्हती, पण हरकत घ्यायला कारण सापडेना. मी घरचा आरसा आणला. सौभाग्यवतींनी तीन दिवस अंदाजानं कुंकू लावलं. आरशातलं ऊन पहिल्याच झटक्याला शोभाबाईंच्या टेबलावर झकास पडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पाच मिनिटांनी ऊन टेबलावरून उतरून भिंतीवर गेलं, कारण सूर्य थांबत नाही, हे देवळालीकर मास्तरांनी सांगायची गरज नव्हती. मग छबूबाईला आरसा घेऊन दारात बसवलं, सूर्याबरोबर सरकत राहायला. सरकता सरकता ती रस्त्यावर गेली. तिथं आरशाचा कवडसा समोर गहिनीनाथच्या हॉटेलात गेला आणि एका कंडक्टरच्या डोळ्यांत. त्यानं चहा सांडला आणि आमच्या ऑफिसात येऊन तक्रार केली.

मला आज विचाराल तर मीही विचारतो: खोलीला खिडकी असताना आम्ही दारातून आरशानं ऊन आणत होतो, तेव्हा आमच्या डोक्यात काय होतं? मी खूप आठवून पाहिलं. काही नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, ट्यूब. तेव्हा कोपरगावात ट्यूब म्हणजे सिनेमाचं थिएटर, एक दवाखाना आणि कारखान्याच्या साहेबांचा बंगला. संघानं ट्यूब लावायची म्हणजे संघाच्या बांधकाम उपसमितीची मंजुरी पाहिजे. मी छापील नमुन्यात अर्ज केला. नमुन्यात सातवा प्रश्न होता, 'खोलीस नैसर्गिक उजेडाची सोय आहे काय? असल्यास तपशील.' मी प्रामाणिक माणूस. लिहिलं, 'आहे. एक खिडकी, दक्षिणेस.'

चार दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता: 'खिडकी असताना ट्यूब कशासाठी? खुलासा करावा.'

मी खुलासा केला: 'खिडकीस कपाट आहे.'

पुन्हा शेरा: 'कपाटास ट्यूब देण्याची नियमात तरतूद दिसत नाही. कपाट आवश्यक आहे काय?'

मी लिहिलं: 'कपाट अत्यंत आवश्यक असून ते महिला कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी आहे.'

शेरा: 'महिला कर्मचारी कपाटात काय ठेवतात?'

इथं माझा तोल गेला. मी समोरासमोर जाऊन उपसमितीच्या सदस्यांना समजावलं. निम्म्यांना ते माझ्या बोलण्यानं पटलं आणि निम्म्यांना चहाची वेळ झाली म्हणून. मंजुरी मिळाली. तोवर भाद्रपद उजाडला होता आणि शोभाबाई मेणबत्तीवर सातव्या पानाशी होत्या.

मच्छिंद्र वायरमन आला. त्यानं खोली बघितली, विडी पेटवली, पुन्हा खोली बघितली. "ट्यूब भिंतीला लागती, भाऊसाहेब. हितं भिंत कुठं हाय? हितं तर कपाट हाय."

"मग कपाटावर लाव."

"लोखंड हाय ते."

"मजबूत आहे."

"मजबूत हाय हे दिसतंय, पन लोखंड हाय," मच्छिंद्र म्हणाला. मग खांदे उडवून त्यानं कपाटाच्या वरच्या कडेला, शोभाबाईंच्या डोक्यामागं, ट्यूब बसवली. चार फुटी, पांढरीशुभ्र. मी लांबून बघितलं. कपाटाला जणू मुंडावळ्या बांधल्या होत्या.

उद्घाटन रीतसर झालं पाहिजे, असं मी ठरवलं. बोऱ्हाडेसाहेब आले. गहिनीनाथच्या हॉटेलातून पेढे आणि माणसं आली. मी कपाटासमोर नारळ फोडला. नारळाचं पाणी हातावरून कोपरापर्यंत ओघळलं. साहेबांनी बटण दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकली, आणि तिला आधार द्यावा म्हणून की काय, मी ओला हात कपाटावर ठेवला.

नंतर काय झालं हे मला लोकांनी सांगितलं. म्हणे मी 'आई' असं ओरडून मागं उडालो, साहेबांच्या टोपीला धरलं, आणि आम्ही दोघं पेढ्यांच्या ताटात बसलो. मला फक्त एवढं आठवतं की मी खाली बसलो होतो, आणि गहिनीनाथ लोकांना सांगत होता, "विजेचा झटका मानसाला मागं फेकतो. हे बरं झालं. धरून ठेवला असता तर अवघड हुतं."

मच्छिंद्रनं दुरुस्ती केली. झटका गेला पण मुंग्या राहिल्या. कपाटाला हात लावला की बोटांत मुंग्या येत. त्यामुळे कपाट उघडायला कोणी तयार होईना. आणि अहवालाला लागणारी गाववार यादी नेमकी कपाटात. राधाकृष्णनं शेवटी पायात रबरी चपला, हातात लाकडी पट्टी आणि तोंडानं रामरक्षा, असं करून दार उघडलं. यादी काढायला त्याला पाऊण तास लागला. पंधरा मिनिटं पट्टीनं, बाकीची धीर करायला.

आणि ट्यूब? ट्यूब लुकलुकत होती. सतत नव्हे, मधूनच. शोभाबाईंची पाठ तिच्याकडे असल्यामुळे त्यांची स्वतःची सावली स्टेन्सिलवर पडायची, आणि ती सावली लुकलुकायची. वर कपाट गुणगुणायचं. दुपारी चारपर्यंत त्यांचे डोळे लाल होत आणि त्या दोन्ही हातांनी कपाळ दाबून बसत. तरी पान पुढं जात होतं. दहा, पंधरा, बावीस. प्रत्येक पान त्या तीनतीनदा तपासत. मी एकदा विचारलं, "आता बरं आहे ना?" त्या म्हणाल्या, "आहे." मी घरी सांगितलं, की उजेडाची व्यवस्था झाली. सौभाग्यवती म्हणाल्या, "तिला विचारलंत का?" मी म्हणालो, विचारलं. यावेळी खरंच विचारलं होतं, म्हणून मी जरा मोठ्यानं म्हणालो.

पंधरा तारीख उजाडली. तीस पानं तयार, अकरा बाकी. पाच वाजता बोऱ्हाडेसाहेब येणार. सकाळी अकराला गोदावरीकडून वारा सुटला. आधी धूळ आली, मग कुठंतरी मोठा आवाज झाला आणि ट्यूब विझली. बल्बही विझला. सगळं गावच विझलं. मच्छिंद्रनं दारातूनच सांगितलं, "खांब पडलाय. उद्यापोत्तर न्हाई येत."

खोलीत असा अंधार झाला की राधाकृष्ण माझा पाय समजून खुर्चीची क्षमा मागत होता. शोभाबाई टेबलाशी तशाच बसल्या होत्या. त्यांची बोटं टाइपरायटरवर होती आणि ती हलत नव्हती. मला त्यांचे मामा दिसायला लागले. तिसगावचे मामा मी कधी पाहिले नव्हते, पण दिसायला लागले.

"घाबरू नका," मी म्हणालो, "गॅसबत्ती आणतो," आणि धावत सुटलो.

मांडववाल्याकडे गॅसबत्ती होती, पण आत पेटणारी जाळी, म्हणजे मेंटल, नव्हतं. मेंटल दुसऱ्याकडे होतं, तो संवत्सर गावाला गेलेला. त्याच्या बायकोनं कुठून तरी शोधून दिलं. रॉकेल भरलं, पंप मारला, बत्ती पेटेना, पुन्हा पंप मारला. पेटली. पेटली ती विझू नये म्हणून मी ती तशीच पेटती, हातात उंच धरून, बाजारपेठेतून ऑफिसकडे चालत निघालो. दुपारचा एक वाजला होता. वारा थांबला होता आणि आभाळ लख्ख झालं होतं. डोळ्यांत ऊन खुपत होतं. भर उन्हात पेटती गॅसबत्ती घेऊन चाललेला माणूस पाहून लोक दुकानातून बाहेर येत. एकानं विचारलं, "वरात कुणाची हाय?"

मी ऑफिसच्या दारात पोचलो आणि थांबलो. मला वाटलं मी चुकीच्या दारात आलो.

खोलीत ऊन होतं. कपाट दुसऱ्या कोपऱ्यात, राधाकृष्णच्या टेबलामागं गेलं होतं. त्याच्यातले सगळे कागद जमिनीवर गठ्ठ्यांनी पडले होते. छबूबाई पदर खोचून घाम पुसत होती आणि राधाकृष्ण हातावरचे फोड मोजत होता. खिडकी सताड उघडी. शोभाबाईंनी टेबल फिरवलं होतं, उजेड डावीकडून येईल असं, आणि त्या टाइप करत होत्या. इतक्या वेगानं मी त्यांना कधी टाइप करताना पाहिलं नव्हतं. पाऊस पडावा तसा आवाज येत होता.

खिडकीतून गहिनीनाथचा हात आत आला. हातात चहाचा कप होता. "ताई, घ्या. गार हुईल," असं म्हणून तो कप टेबलावर ठेवून गेला. हॉटेलातली माणसं बघत होती. कंडक्टर होता, गाडीवान होते. दोन मिनिटं बघितली आणि आपल्या बोलण्याला लागली.

"शोभाबाई," मी बत्ती घेऊन उभा होतो, "कपाट?"

"सरकवलं, भाऊसाहेब. वीज नाही, म्हणून मुंग्याही नाहीत. आधी रिकामं केलं, मग सरकलं."

"पण लोक बघतात."

"बघू देत की. माझे शेजारीच आहेत त्यांतले निम्मे."

"मला वाटलं तुम्हाला संकोच वाटेल. म्हणून मुद्दाम ते तिथं..."

शोभाबाईंचे हात थांबले. "मुद्दाम? म्हणजे ते आधीपासून तिथं नव्हतं?"

"नाही. तुम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी ठेवलं. तुमच्या सोयीसाठी."

त्या खुर्चीतच माझ्याकडे वळल्या. "मला वाटलं, ती त्याची जागाच आहे. नवीन माणसानं पहिल्या दिवशी येऊन तुमचं कपाट हलवा, असं कसं म्हणायचं? मी दोन महिने रोज ठरवत होते विचारायचं."

"मग विचारायचं होतंत!"

"तुम्ही विचारायचं होतंत, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. रागावून नाही. अगदी हळू म्हणाल्या, आणि पुन्हा टाइप करायला लागल्या. त्यांना वेळ नव्हता.

मी बत्ती विझवली. मला कुठं उभं राहावं ते कळेना. इतकी लाज मला पेढ्यांच्या ताटात बसलो तेव्हाही वाटली नव्हती.

पाचला दहा मिनिटं कमी असताना एक्केचाळीसावं पान निघालं. बोऱ्हाडेसाहेबांनी सगळी पानं खिडकीशी धरून पाहिली. चूक नव्हती.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण चार दिवसांनी कार्यकारी मंडळाची बैठक झाली. चेअरमनसाहेब, पाच सदस्य, बोऱ्हाडेसाहेब आणि मी. शोभाबाई बाजूला इतिवृत्त लिहीत बसल्या होत्या. बोऱ्हाडेसाहेब उठले. त्यांनी आधी माझं अभिनंदन केलं. वैजापूरकरांनी चिकाटीनं ट्यूब बसवली म्हणून अहवाल बिनचूक झाला, असा ठराव त्यांनी मांडला. मी मान खाली घातली, पण मला आवडलं हे खोटं कशाला सांगू. मग ते म्हणाले, "आता ट्यूब आहे म्हटल्यावर चुका होणारच नाहीत. टाइपिस्ट कोणीही चालेल. माझा भाचा मिरजगावला रिकामाच आहे. टाइपिंगची परीक्षा पुढच्या खेपेला पास होईल. चांदेकर बाईंची मुदत संपते आहे, त्यांना नमस्कार करून..."

शोभाबाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी वर बघितलं नाही.

माझ्या मनात फार गोंधळ झाला. अभिनंदनाचा ठराव आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. तो नुसता गप्प बसून मला मिळत होता. मी उभा राहिलो. उभा का राहिलो तेही मला नीट कळलं नाही.

"साहेब, ट्यूबचा काही संबंध नाही," मी म्हणालो. "ट्यूब लुकलुकत होती. ह्यांचे डोळे सुजले होते. तीस पानं यांनी तशी केली, आणि शेवटची अकरा दिवे गेल्यावर, खिडकीच्या उजेडात, चार तासांत."

"खिडकी?" चेअरमनसाहेब म्हणाले. ते चासनळीचे बागाईतदार, ऑफिसात क्वचित येणारे. "आपल्या हापिसाला खिडकी हाय व्हय?"

"आहे. तिच्यापुढं कपाट होतं. ते मी ठेवलं होतं."

"कशापायी?"

"यांच्या सोयीसाठी."

"त्यांनी मागितली हुती सोय?"

"नाही."

"मग?"

"विचारलं नव्हतं," मी म्हणालो. आता निघालंच होतं, तेव्हा उरलेलंही सांगून टाकलं. "नोटिशीत ओळ सुटली तीही त्यामुळेच. आणि ती नोटीस मी तपासली होती."

चेअरमनसाहेबांनी फेटा वर सरकवला. "म्हंजे मला पोत्यात तुमी घातलं?"

"हो."

ते हसायला लागले. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. सदस्य हसले. बोऱ्हाडेसाहेब हसले नाहीत. "भाचा ऱ्हाऊ द्या मिरजगावला," चेअरमनसाहेब डोळे पुसत म्हणाले. "ह्या बाई अंधारात तीस पानं काढत्यात, उजेडात काय न करतील? कायम करा त्यांना. आजच्या आज कागद द्या. आन भाऊसाहेब, तुमी आत्ता जे बोल्ला ते जसंच्या तसं लिवून अहवालाला जोडा. गावोगावची मानसं अजून मला पोत्यावरनं इचारत्यात. समद्यांना कळू द्या."

ठराव सर्वानुमते झाला. विरोधात मत द्यायचा मला अधिकार नव्हता.

शोभाबाईंनी तो बेचाळीसावा कागद दुसऱ्या दिवशी सकाळी टाइप केला. त्यांच्या पर्समध्ये कायमचा कागद होता. आदल्या संध्याकाळी वडिलांनी तो दोनदा वाचला आणि मामाला पत्र टाकलं, असं त्या म्हणाल्या. हे सांगताना त्या हसत होत्या आणि त्यांचे डोळेही भरले होते. मग त्यांनी स्टेन्सिल काढून माझ्याकडे दिलं. "तपासून सही करा, भाऊसाहेब."

मी ते खिडकीशी नेऊन उन्हात धरलं. प्रत्येक अक्षर आरपार दिसत होतं. 'हेडक्लार्क श्री. वैजापूरकर यांनी संबंधितांना न विचारता खिडकीपुढे कपाट ठेवल्यामुळे दोन महिने कार्यालयात अंधार राहिला, व त्यामुळे माननीय चेअरमन यांस पोत्यात गुंडाळण्याबाबतचा मजकूर प्रसिद्ध झाला, असे त्यांनी स्वतः मान्य केले.' सहाशे प्रती निघणार होत्या.

मी पुन्हा वाचलं. मग शेवटाकडून सुरुवातीकडे वाचलं. एखादी काना-मात्रा, एखादा सुटलेला शब्द, काहीही. मी अगदी मनापासून चूक शोधली. एकही सापडली नाही. तेव्हा मी मेणावर कोरायची लोखंडी लेखणी घेतली आणि खाली सही कोरली.